बॉनेटखालचा दसरा

मुलाने विजेवर चालणारी गाडी बुक केली आणि आमच्या म्हाताऱ्या गाडीवर गंडांतर आलं. पोर्च एक, गाड्या दोन. म्हातारी दहा-बारा वर्षं जागची हलली नव्हती. तिच्या टपावर मी सांडगे वाळत घालायचे आणि तिच्या पोटाखाली गल्लीतल्या मांजरीची बाळंतपणं व्हायची. रविवारी सकाळी भंगारवाला येऊन तिला नेईल, असं मुलाने जेवताना जाहीर केलं. आमचे हे पानावरून उठले आणि खरकट्या हाताने पोर्चमध्ये जाऊन उभे राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस भरल्या पानावरून उठलेला मी पाहिला नव्हता, आणि त्या दिवशी तर भरली वांगी होती.

मग मीच तोंड उघडलं. मुलाला म्हटलं, "ती स्वतःच्या इंजिनावर फाटकाबाहेर गेली आणि स्वतःच्या इंजिनावर परत आली, तर राहील. तुझ्या नवीसाठी मी माझी जास्वंदीची जागा मोकळी करून देते."

"आई, तिचं इंजिन जाम झालंय," तो म्हणाला आणि हसत हसत कबूल झाला. सूनबाईने ताटावरून मान वर न करता मला डोळा मारला.

आता, मला इंजिनातलं काय कळतं असं कोणी विचारेल. अहो, मी ही गाडी चालवलेली आहे. म्हणजे मी नाही, माझ्यातलीच ती एक तरुण बया होती, काळा गॉगल आणि डोक्याला रेशमी स्कार्फ लावणारी. गाडी पोर्चमध्ये उभी असतानासुद्धा ती तासन् तास आत बसून राहायची, का, तर समोरच्या बिऱ्हाडातल्या बायकांना दिसावं. ह्यांनी तिला त्र्यंबक रोडला शिकवायला नेलं. तेव्हा तो रस्ता मोकळा असायचा. समोरून एक म्हैस आली. बयेने स्टिअरिंग सोडून दोन्ही हात जोडले. म्हैस शहाणी, बाजूला झाली. त्यानंतर बयेने गाडी शिकणं सोडलं आणि उन्हाचा त्रास होतो असं गावभर सांगितलं. गॉगल मात्र सोडला नाही.

तर ह्यांनी दुसऱ्याच दिवशी कामाला हात घातला. प्लग काढले, त्यांच्या भोकांतून इंजिनात ऑइल सोडलं आणि मुरत ठेवलं. मी म्हटलं, लोणच्यासारखं? ते म्हणाले, अगदी तसंच, आणि घाई केली की तसंच बिघडतं. टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं, त्याला वॉर्निशासारखा वास येत होता. प्लग पॉलिश पेपरने घासण्याचं काम मला मिळालं. चांदीच्या निरांजनांना मी कधी इतकं घासलं नव्हतं.

शुक्रवारी ह्यांनी माळ्यावरून लोखंडी हँडल काढलं. जुन्या गाड्यांना पुढून ते घालून इंजिन हाताने फिरवता यायचं. ह्यांनी जोर लावला, काही नाही. मी पदर खोचून शेजारी धरलं, काही नाही. मग दोघंही त्या हँडलला अक्षरशः लोंबकळलो. आतून एकदम चर्रकन आवाज झाला, हँडल खाली गेलं आणि आम्ही दोघं बंपरला टेकून फरशीवर बसलो. मला हसू आवरेना. हे म्हणत होते, अगं फिरलं, फिरलं, आणि गुडघा चोळत तेही हसत होते. सूनबाई धावत आली तर तिला वाटलं सासू-सासऱ्यांना काहीतरी झालं.

इतकं सोपं असतं तर काय. शनिवारी शेजारच्यांची बॅटरी लावली. गाडी सुरू झाली, दोनदा खोकली आणि मेली. पुन्हा सुरू केली, पुन्हा खोकली, पुन्हा मेली. ह्यांनी कार्ब्युरेटर खोलला, त्याचे बारीक बारीक भाग माझ्या पोह्यांच्या ताटलीत मांडले, फुंकून फुंकून साफ केले. फरक नाही. नवीन पेट्रोलला नावं ठेवून झाली. मग मी ह्यांना आणि ह्यांनी मला. संध्याकाळ झाली. मुलाने समजूतदारपणे, बाबा, राहू द्या आता, असं म्हटलं. त्याच्या त्या समजूतदारपणाचा मला फार राग आला.

इंजिनावर एक काळं, पातेल्यासारखं गोल डबडं असतं. हे दर वेळी ते अख्खं उचलून बाजूला ठेवत आणि काम झालं की जसंच्या तसं परत बसवत. सूनबाई फोनवर कसला तरी व्हिडिओ बघत होती. तिने विचारलं, "बाबा, गाडी श्वास घेते तो इथूनच ना? मग हे उघडलं का नाही?"

हे माझ्याकडे बघायला लागले. तिने झाकण काढलं.

आत आमचे सगळे दसरे होते. गाडी बंद पडली तरी दसऱ्याला तिची पूजा चुकवायची नाही, आणि नुसत्या बॉनेटवर हार टाकून भागायचं नाही, हा ह्यांचा नेम. बॉनेट उघडून पूजा इंजिनाचीच व्हायची. मी दर वर्षी भक्तिभावाने हळदकुंकू वाहायचे, मूठभर अक्षता टाकायचे, झेंडूचा हार आत अंथरायचे, वरून आपट्याचं सोनं ठेवायचे आणि बॉनेट लावून टाकायचे ते थेट पुढच्या दसऱ्यापर्यंत. अक्षता कोणाच्या पोटात जात होत्या ते आता कळलं. उंदरांनी आपट्याची पानं, झेंडूच्या पाकळ्या आणि हाराचा दोरा ओढून नेऊन त्या डबड्यात असा काही ऐसपैस बंगला बांधला होता की गंगापूर रोडच्या बिल्डरने बघायला यावं. मालक घर सोडून गेले होते. गाडी बिचारी नाकात दसरा कोंबून श्वास घ्यायला बघत होती.

हे पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

रविवारी सकाळी डबडं साफ करून बसवलं. गाडी सुरू झाली आणि या वेळी सुरूच राहिली. पोर्च निळ्या धुराने भरला. इंजिनाला जादा पेट्रोल पाजणारी चोकची मूठ मात्र सुटली की आत जायची, म्हणून ती ओढून धरायला मी शेजारी बसले. गॉगल लावला होता, हे सांगायला नको. आम्ही फाटकाबाहेर पडलो तेव्हा समोरून भंगारवाल्याचा टेम्पो वळत होता. त्याने आम्हाला वाट दिली.

कॉलनीला एक चक्कर मारून परत यायचं होतं. पण वाटेत बंद पडली तर, या भीतीने हे थांबेनात. सिग्नल लांबून दिसला की डावीकडे वळायचे. असं डावीकडे वळत वळत आम्ही पार द्राक्षांच्या मळ्यांपाशी पोचलो. एका मिसळीच्या हॉटेलाशी ह्यांनी गाडी चालू ठेवूनच उभी केली आणि मालकाला हात केला. त्याने प्लेटी खिडकीतून दिल्या. एका हाताने चोक धरून दुसऱ्या हाताने मिसळ खाल्ली. रस्सा साडीवर सांडला, आणि त्या गॉगलवाल्या बयेने यावर किती थयथयाट केला असता या विचाराने मी आणखी सांडला.

मुलाचे फोन येत होते. मी घेतले नाहीत, हात मोकळा नव्हता.

परत आलो तर तो आणि सूनबाई फाटकात उभे, आणि भंगारवाला ओट्यावर चहा पीत बसलेला. हे न थांबता सरळ पोर्चमध्ये शिरले. इंजिन धडधडतच होतं आणि चावीला हात लावायची आमची छाती होत नव्हती. शेवटी मुलानेच खिडकीतून हात घालून ते बंद केलं. सगळं एकदम शांत झालं.

भंगारवाल्याने कप खाली ठेवून त्याच्याकडे पाहिलं. मुलाने गाडीकडे पाहिलं. मग दार उघडून बापाला जरा सरका म्हणाला, आत बसला आणि चावी फिरवली. कुर्र, कुर्र, आणि काही नाही. परत फिरवली. काही नाही.

तो उतरला, बॉनेट उघडलं आणि बाह्या वर सारल्या. "अगं," त्याने बायकोला हाक मारली, "तो व्हिडिओ लाव बरं. आणि या टेम्पोवाल्यांना सांग, भंगार नाहीये."