हसणं कशात मोडतं

वहिनीचा पुढचा दात पिरंगुटच्या बसथांब्यावर तुटला. उतरताना मागून रेटा आला आणि ती तोंडावर आपटली. ती तिथल्याच कारखान्यात पॅकिंगला आहे. त्या दिवसापासून ती ओढणी तोंडाशी धरून बोलू लागली, आणि गोठ्यापर्यंत ऐकू जाणारं तिचं हसणं बंद झालं.

कारखान्याच्या विम्यात दातही येतात. डॉक्टर म्हणाले, कॅप बसवावी लागेल. अर्ज मी भरायला घेतला. घरातले सगळे अर्ज मीच लिहितो, आणि कामगार संघटनेची पत्रकंही. ‘उपचाराचं कारण’ असा एक रकाना होता.

“लिवा भावजी, भाकरी तोडता येत न्हाई,” वहिनी म्हणाली.

मला ते केविलवाणं वाटलं. मी लिहिलं, ‘कामगार स्त्रीलाही मोकळेपणाने हसण्याचा हक्क आहे.’ मोठ्यानं वाचूनही दाखवलं.

“ह्ये तर भाषण झालं. भाकरी कुटं गेली?”

तीन आठवड्यांनी उत्तर आलं: उपचार सौंदर्यवर्धक असल्याने दावा नामंजूर. मी विमा कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी नम्रपणे म्हणाली, “सर, हसण्यासाठी असं तुम्हीच लिहिलंय. हसणं कॉस्मेटिकमध्ये मोडतं.”

“अहो, तिला चावताही येत नाही!”

“मग ते का नाही लिहिलं, सर?”

मी फोन ठेवून दिला. संताप आला होता. माणूस चावतो तेवढीच त्याची गरज, हसतो ती हौस, हे कुणी ठरवलं? आणि त्याहून जास्त संताप माझ्या त्या एका सुंदर वाक्याचा. माझ्या वाक्याची शिक्षा ती भोगत होती.

फेरविचाराचा अर्ज वहिनीनं समोर बसून लिहून घेतला. भाकरी, गार पाण्यानं येणारी कळ, डॉक्टरांची चिठ्ठी. शेवटी एक ओळ घालावी म्हणून मी पेन टेकवलं, तर तिनं कागदच ओढून घेतला. “तुमचं हक्काचं पत्रकात छापा. माज्या दातावर नगं.”

या वेळी मंजूर झालं. पण धातूची कॅप. दाताच्या रंगाची हवी तर वरचा फरक आपण भरायचा, कारण रंग सौंदर्यात मोडतो. पुढचा दात, आणि धातूचा!

वहिनीनं पत्र दोनदा वाचायला लावलं. “हत्तीला खायचे येगळे, दाखवायचे येगळे असत्यात. आमाला निस्ता खायचा मंजूर.”

दवाखान्यात तिनं रंगाचीच कॅप सांगितली. फरक ओव्हरटाइममधून भरणार होती. डॉक्टरांनी संमतीचा कागद पुढे केला. त्यावर छापलेलं होतं, ‘हा खर्च मी केवळ सौंदर्यासाठी करत आहे.’

“वहिनी, यावर सही करू नका. हे खोटं आहे,” मी म्हणालो.

“खोटंच हाय,” ती म्हणाली. “पेन द्या हिकडं.”

आणि तिनं सही केली.