सेंट ऊर्सुलाच्या भिंतीवरचे केळुसकर

शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये, एका दगडाच्या कारखान्यातल्या थंडगार केबिनमध्ये बसून गुणवंत केळुसकरांनी युरोपातलं सातशे वर्षांचं चर्च वाचवलं. निदान ते स्वतः तरी असंच सांगत. चर्चचं नाव सेंट ऊर्सुला, शहराचं नाव ग्राउनबर्ग. हे महान कार्य हाती घेण्यापूर्वी केळुसकरांनी जन्मात एकच चर्च आतून पाहिलं होतं, माहीमचं, तेही शेजारणीने दिलेली मेणबत्ती लावण्यापुरतं.

मुळात माणूस पाइपांचा. एक्क्याऐंशी साली डोंबिवलीहून निघाले ते थेट गल्फमधल्या रुवैसला, रिफायनरीच्या पाइपलाइनींची ड्रॉइंग्ज काढायला. पंधरा-सोळा वर्षं त्यांनी सरळ पाइप काढले, वाकडे पाइप काढले आणि ह्या पाइपला तो पाइप कसा जोडायचा ते काढलं. मग तिथलं काम खलास झालं आणि ते हमरियाच्या कारखान्यात चीफ ड्राफ्ट्समन म्हणून लागले. चीफ अशासाठी, की दुसरा ड्राफ्ट्समन नव्हता. कारखाना मोठमोठ्या व्हिलांना खांब, कारंजी आणि पाणी ओकणारे सिंह पुरवत असे. आणि एके दिवशी त्याच कारखान्याच्या पदरात चर्च येऊन पडलं.

झालं होतं असं, की ग्राउनबर्गच्या लोकांना दगड घडवणारे आपले हात परवडेनासे झाले होते. म्हणून त्यांनी आपल्या खाणीतला वालुकाश्म जहाजात घालून इकडे पाठवायचा, इथे ओडिशाच्या कारागिरांनी तो घडवायचा, पुन्हा जहाजात घालायचा आणि तिकडे चर्चवर चढवायचा, असं ठरलं. वाळवंटात वाळूचा दगड पाठवण्यात कोणालाच काही गमतीदार वाटलं नाही. कोटेशन सगळ्यात कमी होतं, त्यामुळे सगळे गंभीर होते.

केळुसकर रातोरात गॉथिकचे जाणकार झाले. ऊद मेथा भागातल्या शाळेच्या हॉलमध्ये मराठी मंडळींची कोजागिरी असे, तिथे त्यांनी स्लाइड्स लावून व्याख्यान दिलं. "मंडळी, ह्या चर्चचा पाया घातला तेव्हा आपल्याकडे देवगिरीला यादव होते!" अशी सुरुवात. मिठाच्या व्यापाऱ्यांनी आपली पापं धुवायला पैसे दिले. भिंती खिडक्यांपर्यंत आल्या आणि प्लेग आला, निम्मे गवंडी गेले. मग मनोरा कोणाच्या नावाचा ह्यावरून व्यापाऱ्यांच्या दोन गटांत जुंपली आणि मनोरा दीडशे वर्षं अर्धा राहिला. "म्हणजे आपल्या हाउसिंग सोसायटीसारखंच हो!" इथे केळुसकर हशासाठी थांबत. पुढे वीज पडली, पुढे युद्धात बॉम्ब पडला. युद्धानंतर घाईघाईने भोकंबिकं सिमेंटने बुजवली. सिमेंट ओल बाहेर सोडेना, म्हणून मागचा मऊ दगड आतल्या आत कुजला. आता चाललेला जीर्णोद्धार म्हणजे मुख्यतः आधीच्या जीर्णोद्धाराचं निस्तरणं होतं.

"पण गॉथिक म्हणजे नेमकं काय?" कोणीतरी भिडस्तपणे विचारलं.

"काही नाही हो. वजन उभंच्या उभं खाली आणायचं. आमच्या रुवैसची चिमणी बघितलीय ना? सेम."

टाळ्या पडल्या. त्यानंतर आलेला एकमेव प्रश्न दूध संपलं का, हा होता.

घरी मात्र श्रोते नव्हते. बायको शोभना बँकेत होती आणि दमून येई. मुलगा वेदांग अकरावीत. जगातल्या कुठल्याही गोष्टीवर त्याचं एकच उत्तर असे, "नाइस, बाबा," आणि तेही कॉम्प्युटरवरची नजर न काढता. आपला बाप छातीठोकपणे गल्फमध्ये आला, शून्यातून उभा राहिला, ह्या गोष्टी केळुसकरांनी त्याला लहानपणापासून पाजल्या होत्या. "मी रुवैसला उतरलो तो ऐटीत! पहिल्या दिवशी साहेबाला सांगितलं, ड्रॉइंग दाखव, चुका मी सांगतो." वेदांगने हे इतक्यांदा ऐकलं होतं की त्याने विश्वास ठेवणं कधीच सोडून दिलं होतं. आपण कोणीतरी आहोत हे ह्या पोराने एकदा आपल्या डोळ्यांनी बघावं, एवढीच केळुसकरांची इच्छा होती. इच्छा साधी होती, पण ती त्यांना आतून कुरतडत होती.

संधी आली ती दोन हजार सालच्या जूनमध्ये. ग्राउनबर्गचा आर्किटेक्ट काम बघायला आला. त्याने मीटिंगमध्ये सांगितलं, की चर्चच्या उत्तर भिंतीवर, पन्हाळीखाली, ओळीने दगडी मुंडकी आहेत. जुन्या गवंड्यांनी तिथे संत घडवले नाहीत, शहरातली साधी माणसं घडवली. वजनात मारणारा पाववाला, दाढदुखीने तोंड बांधलेली बाई, पाद्र्याचा स्वयंपाकी. त्यातलं एक मुंडकं बॉम्बमध्ये गेलं आणि त्याचा फोटो नाही, चित्र नाही. समितीने ठरवलंय, की सातशे वर्षांपूर्वीचा खोटा माणूस बनवायचा नाही. आज ह्या दगडांवर ज्याने काम केलंय, त्याचा चेहरा तिथे लागेल. कोणाचा, ते तुम्ही ठरवा.

लेबनीज जनरल मॅनेजर फादी ह्यांनी टाय सारखा केला. "मॅनेजमेंट चालेल का?"

"सातशे वर्षांत मॅनेजमेंटला तिथे कोणी चढवलेलं नाही," आर्किटेक्ट म्हणाला.

केळुसकरांच्या छातीत धडधडायला लागलं. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी यार्डचा फोरमन यहया ह्याला गाठलं. यहया श्रीवर्धनचा, दोघांचा डबा रोज बरोबर, मराठीतून जीव हलका करायला दुसरं कोणी नव्हतं.

"यहया, माझ्या सहीशिवाय इथून एक तरी दगड हलतो का? मग चेहरा कोणाचा लागायला हवा?"

"गुणवंतभाई, खरं सांगू? निम्मं चर्च बिरंचीने घडवलंय. त्याचा लावा."

"त्याला नकोच असेल. विचारू की."

आणि त्यांनी खरोखरच विचारलं. यार्डच्या दारातूनच, आत पाऊल न टाकता. "क्यों बिरंची, तुमको तो नहीं चाहिए ना?"

बिरंची महाराणा पुरीजवळचा, अंगभर दगडाची पांढरी भुकटी. तो छिन्नी थांबवून म्हणाला, "नहीं साब."

"बघ," केळुसकर म्हणाले. लोकशाही पार पडली होती. तरी मनाच्या समाधानासाठी त्यांनी पुढे विचारलं, "आणि तुला?"

"तौबा! दगडात तोंड काढलेलं आमच्यात चालत नाही. आणि माझं तोंड बघून बायको कंटाळलीय, त्या गोऱ्यांनी माझं काय घोडं मारलंय?"

झालं, प्रश्न मिटला. आता बिरंचीने सांगितलं, की साहेबांनी दोन दिवस समोर येऊन बसावं, म्हणजे चेहरा हाताला कळेल. बाहेर पत्र्याखाली पारा शेहेचाळीसवर, वर धूळ. केळुसकरांनी कपाळाला आठ्या घातल्या. "फोटोवरून कर ना. फोटोत काय कमी असतं?"

गल्फमधल्या माणसाकडे एक वेळ मीठ नसेल, पण पासपोर्ट साइज फोटो असतातच. व्हिसाला द्या, लेबर कार्डला द्या, हेल्थ कार्डला द्या. केळुसकरांच्या ड्रॉवरमध्ये निरनिराळ्या वर्षांचे पाकीटभर फोटो होते. ताज्या फोटोत टक्कल होतं आणि हनुवटीखाली दुसरी हनुवटी होती. केळुसकरांनी विचार केला, की चेहरा पाचशे वर्षं टिकणार असेल तर टक्कल कशाला टिकवायचं? त्यांनी पाकिटाच्या तळाशी हात घातला आणि एक्क्याऐंशी सालचा, डोंबिवलीच्या स्टुडिओत काढलेला, पहिल्या व्हिसाचा फोटो काढला. भरघोस केस, मधोमध नाही, बाजूने भांग. तो त्यांनी बिरंचीकडे पाठवून दिला.

यहयाने फोटो बघितला, साहेबांकडे बघितलं. "हा कोण, तुमचा पुतण्या?"

"गप रे."

मुंडकं तयार झालं तेव्हा केळुसकर ते बघायला यार्डात गेले. ते आडवं पडलेलं होतं, अंगावर भुकटीचा थर. केळुसकरांनी फुंकर मारून डोक्यावरची भुकटी उडवली. "वा! केस मस्त आलेत." मग नाक बघितलं, तेही जागच्या जागी होतं. गरम फार होत होतं. त्यांनी सही केली आणि केबिनमध्ये परतले. मुंडकं पेंढ्यात गुंडाळून कंटेनरमध्ये गेलं.

पुढच्या वर्षी जुलैत चर्च पुन्हा उघडणार होतं. निमंत्रण कंपनीला होतं आणि फादीसाहेब जाणार होते, पण केळुसकरांनी सुट्टी टाकून स्वखर्चाने जायचं ठरवलं, तेही सहकुटुंब. "नऊ हजार दिरहम! म्हणजे लाखाच्या वर झाले की हो!" शोभनाने हिशेब केला. "तुमचं तोंड मी घरी फुकट बघते." पण तिनेही रजा घेतली. नवऱ्याचा कंठशोष तिला कळत होता, तो फक्त ती बोलून दाखवत नसे.

ग्राउनबर्गला बँड होता, भाषणं होती. कोणाही वक्त्याने शारजाचा उल्लेख केला नाही, पण बिअर मोफत होती. केळुसकर घरच्यांना घेऊन तडक उत्तरेच्या भिंतीकडे निघाले. चालता चालता वेदांगला इतिहास सांगणं चालूच, यादव, प्लेग, सिमेंट. कोपऱ्यावर त्यांनी दोघांना नीट उभं केलं आणि हात वर केला. "बघा!"

शोभना डोळे बारीक करून बघू लागली. "हे तुम्ही? बरे दिसताय."

"अगं, तो पाववाला! त्याच्या पलीकडे."

पलीकडे, पन्हाळीच्या खाली, एक कोवळा मुलगा होता. केस खरंच मस्त आले होते. पण खालून केस फारसे दिसत नव्हते, दिसत होते ते डोळे. बिरंचीने फोटोत होतं ते सगळं घेतलं होतं, काही म्हणजे काही सोडलं नव्हतं. घट्ट मिटलेले ओठ, आणि शाळेच्या पहिल्या दिवशी फाटकात सोडून दिलेल्या पोराचे असतात तसे ताणलेले डोळे. तो खालच्या माणसांकडे बघतच नव्हता. सगळ्या छपरांच्या वरून कुठेतरी लांब बघत होता.

केळुसकरांचा वर केलेला हात तसाच राहिला. त्यांना तो स्टुडिओ आठवला. बाजूला एजंट उभा होता, "हसू नका, हलू नका, रिजेक्ट होईल" म्हणत. त्या दिवशी त्यांचे पाय लटपटत होते. कर्जतच्या पुढे कधी न गेलेला मुलगा, आणि आदल्या रात्री आईच्या शेजारी पडून तो उशीत तोंड खुपसून रडला होता. पासपोर्टच्या फोटोत पाय येत नाहीत, म्हणून इतकी वर्षं निभावलं होतं. त्यांना लाज वाटली, आणि मागोमाग त्या पोराची भयंकर दया आली.

शोभनाने त्यांचा कोपर धरला.

"हू इज दॅट गाय?" वेदांगने विचारलं.

"मी," केळुसकर म्हणाले. "तेवीस वर्षांचा. रुवैसला निघालो तेव्हाचा."

वेदांगने "नाइस" म्हटलं नाही. तो बघतच राहिला. मागे बँड वाजत होता, लोक त्यांच्या अंगावरून जात होते, आणि हा मुलगा बापाचा चेहरा आयुष्यात पहिल्यांदाच नीट बघत होता.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "ही वॉन्ट्स टू गो होम."

"हो."

"सो व्हाय डिडन्ट ही?"

ऐटीत उतरलेल्या माणसाच्या शंभर गोष्टी केळुसकरांच्या जिभेवर तयार होत्या. त्यातली एकही पुढे आली नाही.

"व्हिसा लागला होता रे," ते म्हणाले.