कार्डातली बाई

स्मृति नगरात फोनच्या दराबद्दल काही विचारायचं असलं की लोक जानरावांकडे जात. पोलादाच्या प्लांटमध्ये आयुष्यभर क्रेन चालवून ते निवृत्त झाले होते, आणि उंचावर बसून खालच्यांना हातवारे करायची सवय तेवढी घरी घेऊन आले होते. कोणत्या कंपनीचा दर रविवारी उतरतो, नागपूरला कुठून लावावा, मुंबईला कुठून, सगळं तोंडपाठ. नेहरू नगरातल्या अमरदीपच्या एसटीडी बूथला त्यांनी साफ लुटारू ठरवून टाकलं होतं.

विहारात वंदना आटोपली की बायका आपापल्या चपला शोधायच्या आणि जानराव पायरीवर उभे राहून शिकवायचे. मिनिट भरत आलं की फोन ठेवायचा. पुढं काय विचारायचं ते फोन ठेवून मनात जुळवायचं, मगच पुन्हा लावायचा. "विचार फुकटात करा ना बाई, मीटर चालू ठेवून कावून करता?" असं ते म्हणत, आणि सगळ्या माना डोलवत.

मग ते कार्ड आलं. कोण्या नव्या खाजगी कंपनीचं, परदेशाचा दर बूथच्या निम्मा. जानरावांनी जाहिरातीवरचा मोठा आकडा वाचला, तीन दुकानांत विचारून ताडून पाहिला आणि पायरीवरून जाहीर करून टाकला. त्यांचं स्वतःचं परदेशात कोणी नव्हतं. पण दुसऱ्यांना नंबर लावून देत कार्ड कसं वापरायचं हेही त्यांनीच शिकवलं. नंबर लावला की आतून एक गोड आवाजाची बाई हिंदीत बोलायला लागते. ती सुरू झाली रे झाली की हॅशचं बटण दाबायचं. "तिच्या बोलण्याचा पैसा आपण कावून भराचा?"

सगळ्यात आधी ऐकलं ते गिरजाबाईंनी. त्यांचे मालक चंपत हे जानरावांच्याच शिफ्टमधले, आता नव्हते. एकुलती मोनाली नर्स होऊन मस्कतला गेलेली, नवऱ्याबरोबर तिकडेच राहिलेली, आणि पहिलटकरीण. पासपोर्टचं काही जमलं नाही म्हणून आई इकडेच.

एके दिवशी दुपारी गिरजाबाई जानरावांच्या दारात उभ्या राहिल्या, पदर नीट नाही, हातात ते कार्ड. सकाळी जावयाला फोन लावला तर नरेश म्हणाला, ऑपरेशनला आत नेलंय. मिनिट भरायच्या आत त्यांनी ठेवला. मनात जुळवून पुन्हा लावला, डॉक्टर काय म्हणतात ते विचारलं, ठेवला. तिसऱ्यांदा नरेश म्हणाला, "बाळ झालं आई, पण मोनाली..." आणि फोन मुका झाला. तिकडून काही फोन येत नव्हता. येणार कसा? सासूबाई नेहमीसारख्या फोन ठेवून विचार करत असतील, असंच नरेश समजला असणार.

"भाऊ, माह्या हातून काही उलटंपालटं दबलं का जी?" गिरजाबाईंनी विचारलं.

जानरावांनी कार्ड घेतलं, आपल्या फोनवरून नंबर लावला. बाई सुरू झाली. अंगठा आपोआप हॅशवर गेला होता, तो त्यांनी मागे घेतला आणि जन्मात पहिल्यांदा तिला पुरतं बोलू दिलं. किती अदबीनं बोलत होती ती! "कृपया ध्यान दें. हर बार कॉल जुड़ने पर पाँच मिनट की राशि अलग से काटी जाएगी." आणि शेवटी, धन्यवादासकट, की कार्डात आता काही उरलेलं नाही.

फोनचे जितके तुकडे, तितक्या वेळा पाच मिनिटं. तुकडे पाडायला शिकवलं कोणी, आणि बाईचं तोंड दाबायला शिकवलं कोणी, हे जानरावांना कोणी सांगायची गरज नव्हती.

"कार्डच खराब दिसते वहिनी," ते म्हणाले, आणि खोटं बोलून झाल्यावर स्कूटरची किल्ली शोधत बसले. किल्ली हातातच होती. कार्डाशिवाय घरच्या फोनवरून परदेश लागत नव्हता.

अमरदीपनं दोघांना येताना पाहिलं. "आइए अंकल, आज खुद लुटने आ गए?" तो हसला. जानराव पायरी चढताना खाली बघत होते. त्यांचा चेहरा दिसल्यावर अमरदीपनं मुकाट्यानं काचेचं दार उघडलं.

फोन लागला. नरेश म्हणाला, रक्त फार गेलं होतं, आता बरी आहे, शुद्धीवर आहे, घ्या बोला. "आई..." एवढंच मोनाली म्हणाली आणि रडायला लागली. मीटरवरचे लाल आकडे मिनिटाजवळ आले, आणि गिरजाबाईंनी फोन ठेवून दिला.

जानरावांचा हात रिसीव्हरकडे गेला.

"थांबा भाऊ," डोळे पुसत गिरजाबाई म्हणाल्या, "काय विचाराचं थे मनात जुळवून घेतो. मंग लावतो."

पोरगी तिकडे रडत होती आणि आई इकडे शहाण्यासारखा फुकटात विचार करत होती.

"वहिनी," जानरावांचा आवाज पायरीवरचा राहिला नव्हता, "कार्ड नव्हतं खराब. थे बाई दर खेपेले सांगत होती, तुकडे पाडाल तं पैसे जातीन म्हणून. मीच तुमाले ऐकू नाही दिलं. मीही नाही ऐकलं."

गिरजाबाईंनी रिसीव्हर उचलून त्यांच्यापुढं धरला. मग म्हणाल्या, "लावा आता. पोरगी वाट पाहून राहिली."

जानरावांनी नंबर लावला, रिसीव्हर त्यांच्या हातात दिला, खिशातला रुमाल काढला आणि मीटरवर टाकला.

"झाकल्यानं थांबते का जी थो?"

"नाही थांबत. बोला तुमी."

ते काचेबाहेर येऊन उभे राहिले. आत गिरजाबाई बोलत होत्या, ऐकत होत्या, बाळाचं नाक कोणावर गेलं ते विचारत होत्या. पण मधूनच त्यांचं बोट आपोआप फोन कापायच्या बटणाकडे जायचं आणि परत फिरायचं. रुमालाखाली आकडे दिसत नव्हते, तरी ते बोट बरोबर मिनिटालाच उठत होतं. जानरावांनी ते एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि तिसऱ्यांदा रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.