भिंतीवरच्या तीन रेघा

मित्रहो, माझ्या भिंतींच्या फोटोंत माणूस नसतो. फक्त रंग, पोपडे, रेघा. आज जानेफळच्या जुन्या कापसाच्या गोदामापाशी गेलो होतो. उद्या ते पाडणार आहेत. तिथल्या चुन्याच्या गिलाव्यावर लाटांसारख्या तीन-तीन रेघा आहेत. शाळेत जाताना आम्ही त्यांवरून बोटं फिरवत पळायचो.

भिंतीला टेकून एक म्हातारे चाचा उभे होते. म्हणालो, "चाचा, जरा बाजूले सरका, फोटोत येऊन राह्यले."

ते सरकले. माझे फोटो झाल्यावर म्हणाले, "सीपी-बेरारच्या, इंग्रजायच्या वक्ताचा गिलावा हाय हा. ओल्या चुन्यात माह्या अब्बानं बोटं फिरवले. त्यायचं एक बोट जिनिंगच्या मशीनमधी गेलं होतं, म्हणून तीनच रेघा."

मी ओशाळलो. "चाचा, हात ठेवता का त्यावर? एक फोटो काढतो."

"काऊन? आत्ताच त हटवलं मले!" ते हसले. मग एक बोट दुमडून उरलेली तीन त्यांनी रेघांत ठेवली.

तोच फोटो इथे देतोय. आधीचे जास्त देखणे आलेत, पण ते इथे टाकवत नाहीत.

इतकी वर्षं त्या रेघांवरून बोटं फिरवली. चौथी कुठे गेली, हे मला कधीच का विचारावंसं वाटलं नाही? तुमच्या गावच्या भिंतीवर कोणाचा हात आहे, ठाऊक आहे तुम्हाला?