खळ्यावरचं प्लॅस्टिकचं गवत

आमच्या शेतातला भात होळीपर्यंत पुरायचा. पुढे रेशनचा तांदूळ, तोही संपला की नाचणीची भाकरी आणि वर पाणी. वडील अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात बदली कामगार होते. बोलावणं आलं तर काम, नाहीतर गेटवरून परत. आई भेंडी-पडवळाची पाटी घेऊन स्टेशनबाहेर बसायची. मी उल्हासनगरच्या कॉलेजात बी.कॉम. केलं ते एका चपलेच्या जोडावर. अंगठा तुटला की मोळा ठोकायचा आणि चालायला लागायचं. घराण्यात माझ्याआधी कोणी दहावी ओलांडली नव्हती. हे मी आजही छाती काढून सांगतो.

पालेगावातल्या आमच्या घरामागे खळं होतं. वडिलांचं आणि काकांचं, निम्मं-निम्मं. मधोमध मळणीच्या बैलांसाठी लाकडी मेढ रोवलेली. तिच्या अलीकडचं आमचं, पलीकडचं काकांचं. पाऊस सरला की जमीन चोपून, शेणाने सारवून खळं तयार व्हायचं आणि मग त्यावर चप्पल घालून कोणी जायचं नाही. पाहुणा आला तरी आई लांबून ओरडायची, "पायताण काढ रे, लक्ष्मी हाय ती!" खळ्यात भाताचे वाटे पडायचे, म्हणून तिथे उभं राहून खोटं बोलायचं नाही, हाही आमच्यातला रिवाज.

काकांचा मुलगा, माझा चुलतभाऊ, उल्हासनगरला कॅम्प एकमधल्या एका शेठच्या कार्पेटच्या दुकानात होता. मी त्याला दादा म्हणायचो. मला अंबरनाथच्या कंपनीत क्लार्कची नोकरी लागली, त्या हिवाळ्यात तो टेम्पोत हिरव्या गुंडाळ्या घालून आला. प्लॅस्टिकचं गवत.

"शेठच्या गोडाऊनमध्ये पडून होतं. मागे बॅडमिंटनचं कोर्ट करू. आपली पोरं नालीकाठी खेळतात, बरं वाटतं का तुला?"

"आणि झोडणी?"

"अरे, हे काय चिकटवायचंय? पावसाला गुंडाळायचं. भात कापला, झोडला, परत अंथरायचं. फोल्डिंगची वस्तू आहे ही."

वडिलांना पटेना. दादा मेढीला हात लावून म्हणाला, "काका, खळ्यात उभा राहून सांगतो. झोडणीला खळं तुमचं."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. "तू शिकलेला हायेस. तू बोल."

मी म्हणालो, "घालू दे, बाबा. बोललाय ना तो."

कामाला मीच पुढे होतो. जमीन चोपली, रेती पसरली, ओंडका फिरवून सपाट केली. गवताच्या पट्ट्या शेजारी शेजारी अंथरल्या, जास्तीचा भाग कटरने कापला आणि सांध्याखाली कापडी पट्टी घालून तेवढंच सोल्युशन लावलं. सुतळी ताणून पांढऱ्या रंगाच्या रेघा मारल्या. मेढ काढून तिच्याच जागेवरून आडवी नेट बांधली. दुपारी काकांची गाय दावं तोडून आली, तोंड लावलं, फुरफुरली आणि निघून गेली. आई हसून हसून खाली बसली. "जनावराला पण फसवता का रे?" उन्हाळाभर भावंडं, शेजारची मुलं, सगळी खेळली. नोकरी करणारा मीसुद्धा संध्याकाळी रॅकेट घेऊन उतरायचो. मला ते आमच्या घराला आलेलं भाग्य वाटायचं.

पावसाच्या आधी दादाने गवत गुंडाळलं. शब्द पाळला, असं मी घरात बोलूनही दाखवलं.

पाऊस उघडता उघडता कंपनीने मला महिन्याभरासाठी दुसऱ्या युनिटला पाठवलं. परत आलो तर मागे चारी बाजूंनी लोखंडी जाळी. आत सिमेंटचा कोबा, कोब्यावर गवत, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चिकटवलेलं. फाटकावर पाटी: 'फक्त सभासदांसाठी. स्पोर्ट्स शूजशिवाय प्रवेश नाही.' आत गावालगतच्या नव्या बिल्डिंगमधली ऑफिसर मंडळी दादाला वर्गणी देऊन खेळत होती.

फाटकाशी वडील उभे होते. अनवाणी, डोक्यावर भाताचा भारा. कोबा डोळ्यांदेखत झाला, तरी झोडणीला खळं मिळणार नाही यावर विश्वास ठेवायला ते तयार नव्हते, थेट भारा घेऊनच आले होते. आतून पांढऱ्या बुटातले एक गृहस्थ सभ्यपणे म्हणाले, "चाचा, शूज के बिना अलाउड नहीं है."

वडिलांनी मला विचारलं, "काय बोलला तो?"

मला ते मराठीत सांगावं लागलं.

दादा ओट्यावर चहा पीत होता. "अरे, तू घरात नव्हतास, विचारणार कोणाला?"

"बाबा होते ना घरात."

"त्यांना काय कळतंय यातलं? आणि आता खळ्यात कोण झोडतं? बदलापूरला जाऊन बघ, लोक मशीनवर काढतात. तू ग्रॅज्युएट ना? जरा मॉडर्न हो."

"तू मेढीला हात लावला होतास."

"मेढ कुठंय आता?" असं म्हणून तो हसला.

त्या हसण्याने मला जे झालं ते कोब्यानेही झालं नव्हतं. याच दादाच्या खांद्यावर बसून मी गावची जत्रा पाहिली होती. काका आत होते, बाहेर आले नाहीत. आमचे भारे आम्ही ओटीवर रचले. रात्री त्यातून दमट वाफ यायची, उंदीर फिरायचे. वडील मला रागावले नाहीत. एकदाच म्हणाले, "तो बोलला तवा तू उभा होतास ना?"

रविवारी सकाळी खेळ रंगात असताना मी तोच कटर घेऊन फाटकातून आत गेलो. चप्पल बाहेर काढून. नेटखाली बसलो आणि गवत कापायला लागलो. ऑफिसर मंडळी बाजूला झाली. दादा धावत आला. "डोकं फिरलं काय तुझं? पोलीस बोलावीन!"

"बोलाव. निम्मं आमचं आहे."

"कोण म्हणतो निम्मं? रेघ कुठंय?"

तेव्हा काका आले. पोराकडे न बघता नेटपर्यंत चालत गेले आणि एका जागी अनवाणी पाय ठेवून म्हणाले, "मेढ हितं होती." एवढंच बोलले आणि परत गेले. दादाने पोलीस बोलावले नाहीत. माझ्याशी मात्र तो त्यानंतर कधीच बोलला नाही. माझ्या लग्नालाही आला नाही. मीही बोलावणं दुसऱ्याच्या हातून पाठवलं होतं.

आमच्या बाजूचं गवत मी सोलून काढलं. कोबा वडिलांनी आणि मी पहारीने फोडला. आईने डबर पाटीतून वाहिलं, मग माती चोपली, सारवली. पलीकडे निम्मं कोर्ट उरलं. त्यावर कोणी खेळायला आलं नाही. पुढे काकीने तिथे पापड वाळत घातले.

त्या वर्षीचा भात आम्ही आमच्या निम्म्या खळ्यात झोडला, आणि वडील अनवाणी आत गेले.