संत्र्याचे डोळे बांधणारा

अचलपूरला मी मास्तर होतो, तेव्हा शाळेच्या वाटेवरच्या रोपवाटिकेत कलमं बांधणारा एक गडी रोज दिसायचा. उकिडवा बसून जंबेरी लिंबाच्या रोपाला चीर द्यायचा, त्यात संत्र्याच्या फांदीचा डोळा, म्हणजे न फुटलेला कोंब, बसवायचा, केळीच्या वाखाने बांधायचा आणि रोपाला हळूच थोपटायचा.

एकदा मी त्याच्यासाठी अमरावतीच्या एका कचेरीत चपराशाची जागा ठरवून आलो. पक्की नोकरी, म्हातारपणी पेन्शन.

तो हसला. “मास्तर, तिथं सायबाची घंटी वाजली का उठा लागन. इथं मी बांधलेला डोळा फुटला, का मले राजावानी वाटते.”

मग हात पुसून त्याने मला सगळी रोपवाटिका दाखवली. रोपारोपाशी थांबून म्हणायचा, “हे मायं.”

रोपवाटिकेचा मालक दुसराच होता. पण ह्याचं ‘हे मायं’ मला मुळीच खोटं वाटलं नाही.