सहा मिनिटं, सहा वाक्यं

कमरजहां बागवानचा आवाज मंडईत घडलेला. वडिलांचा पेरूचा गाळा होता. दहाव्या वर्षापासून ती तिथे उभी राहायची, आणि पेरू दाबदाबून बघणाऱ्या नारायण पेठेतल्या गिऱ्हाइकाला, "अहो, पेरू आहे तो, दारावरची घंटा नाही," असं सुनवायची. पुढे एका रुग्णालयात आया म्हणून लागली. फुप्फुसाच्या विभागात नव्या औषधांसाठीच्या चाचण्या चालत, त्या बारा वर्षं बघत बघत शिकली, परीक्षा दिली आणि तंत्रज्ञ झाली.

तिथे बोलायला मिळाली सहा वाक्यं.

चाचणी चालण्याची. तीस मीटरचा व्हरांडा, दोन टोकांना दोन नारिंगी शंकू, रुग्णाने सहा मिनिटांत जमेल तेवढं चालायचं. दर मिनिटाला तिने एक ठरलेलं वाक्य सपाट सुरात म्हणायचं. "तुम्ही छान चालताय. पाच मिनिटं राहिली." सहावं वाक्य, "थांबा." सगळीकडे हेच, एक शब्द जास्त नाही. एकाला जोर चढवला नि दुसऱ्याला नाही, तर गुण औषधाचा की बाईच्या गळ्याचा, कळणार कसं? तिला ते पटलेलं होतं. तरी एकदा 'शाब्बास' निसटलं, एकदा घड्याळ बंद पडलं. दोन्ही वेळा नियमभंगाचा कागद तिने स्वतःच भरला. तिसरा भरला की चाचणीवरून हकालपट्टी.

त्या मंगळवारी मांजरी गावचे गेनबा आले. उसात जन्म गेलेला, आता फुप्फुसं आखडत चाललेली. नवं औषध या संशोधनाबाहेर मिळत नव्हतं, आणि आत शिरायला दीडशे मीटर चालणं भाग होतं. म्हणजे लांबचा शंकू तिसऱ्यांदा गाठायचा.

गेनबा चालले, भिंतीला टेकले, पुन्हा चालले. "एकच मिनिट राहिलं," कमरजहां म्हणाली. शंकू समोर दिसत होता. तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारी व्हरांड्यात शिरली. गेनबा बाजूला सरले, हात जोडले.

"या माय, आधी तुमी."

"बसा की हो, केवढी धाप लागलीय!"

"बसून कसं चालंल? मोजत्यात हितं."

म्हातारी सावकाश गेली. कमरजहांच्या जिभेवर मंडई आली होती, ती तिने गिळली. गेनबांनी चार पावलं टाकली.

"थांबा."

एकशे चव्वेचाळीस.

तेजस, तिथला तरुण समन्वयक, हळूच म्हणाला, "सहाच मीटर, आपा. दीडशे लिहा. कोण येतंय मोजायला?"

"मी आलेय की. पगार त्याचाच घेते."

मग तिने दाराकडे पाहिलं. व्हरांडा बंद करायची साखळी खुंटीवरच होती. सकाळी स्ट्रेचरसाठी तिनेच काढलेली. वाट अडली तर चाचणी रद्द, दुसऱ्या दिवशी पुन्हा, असा नियम होता. फक्त वाट का अडली ते लिहावं लागे. तिने कागद ओढला आणि लिहिलं: साखळी लावायची राहिली. चूक माझी.

"आपा, तिसरं आहे हे."

"मला मोजता येतं, तेजस."

गेनबा बाकावर धाप टाकत होते. "माज्यापायी झालं का, ताई?"

"खुंटीपायी झालं. उद्या या, आबा. आणि हीच चप्पल घालून. मुलाचे बूट चढवून आलात तर परत पाठवतील."

दुसऱ्या दिवशी घड्याळ दुसऱ्या तंत्रज्ञाच्या, ऋतुजाच्या हातात होतं. कमरजहांला साखळीपाशी उभं केलेलं. आतून वाक्यं येत होती, सपाट, बरोबर. पाचव्या वाक्यानंतर गेनबा शंकूपासून दहा पावलांवर होते. कमरजहांने साखळी मुठीत धरली. दार ढकलणाऱ्या एका वॉर्डबॉयला तिने नुसत्या नजरेने मागे लोटलं. गेनबांनी शंकूला वळसा घातला, दोन फरश्या पुढे गेले.

"थांबा," ऋतुजा म्हणाली. एकशे एक्कावन्न. सही झाली.

मग साखळीकडून आवाज आला, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असा: "आबा, कालची म्हातारी विचारत होती, आज वाट कोणाला दिलीत?"

गेनबांना हसताना ठसका लागला.

कमरजहां आता एक्स-रेच्या खिडकीवर नंबर पुकारते. तिथे किती शब्द बोलायचे, यावर नियम नाही.